दादासाहेबांची पहिली फेरी

"गाडीला बोट लावायचं नाही, किक मारायची नाही, एक नट सैल करायचा नाही! नुसतं उभं राहून सांग, हिच्यात काय काय बिघडलंय. दिवस मावळायच्या आत सगळं सांगितलंस तर गाडी फुकट, वर दुरुस्ती माझ्या खर्चानं. एक जरी खोट सुटली, तर मी म्हणेन त्या किमतीला घ्यायची आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही!"

खडकेवाडीचे दादासाहेब पारासमोर गरजत होते. केशरचा गुन्हा एवढाच, की "घेण्याआधी ब्रेक उघडून बघते" असं ती म्हणाली होती.

केशर शिलाई मशिनं दुरुस्त करायची. मशिनं बारा गावांत आणि एसटी दिवसातून एकदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीनं. तिला गाडी हवी होती. पण दोन्ही पाय शाबूत ठेवून हवी होती, कारण मशीन पायानंच चालवून बघावं लागतं.

दादासाहेबांची ही बावीस वर्षांची मोटारसायकल तीनदा विकली गेली होती आणि तीनदा परत आली होती. तिन्ही गिऱ्हाईकं परगावची. शेवटचे एक मास्तर, ते अजून कुबड्या घेऊन चालतात. पारावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे माहीत होतं. पण सांगतो कोण? सकाळचा चहा दादासाहेबांचा, तंबाखूही त्यांचीच.

"पोरी, थोरामोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा," दगडूअण्णा म्हणाले. असला सल्ला द्यायला नुसतं वय लागतं.

केशरनं हात पाठीमागं बांधून गाडीभोवती एक चक्कर मारली.

"कबूल! फुकट नाहीतर विकत, गाडी मीच घेणार हे तर ठरलं. मग आधी पूजा नको का? गावची चाल मोडायची?"

पारावर माना डोलल्या. ही चाल दादासाहेबांनीच पाडलेली. गावात कुणीही गाडी घेवो, हार-नारळ झाला की पहिली फेरी दादासाहेबांनी मारायची, फेटा बांधून, मागं बायकोला, म्हणजे गावाच्या वहिनीसाहेबांना बसवून, म्हसोबाच्या टेकडीवरून थेट पारापर्यंत. दुसऱ्याच्या कोऱ्या गाडीवर मिरवायची हौस होती ती. नाव मात्र परंपरा!

दादासाहेबांचा चेहरा उतरला.

"जुन्या गाडीला कशाला पूजा?"

"असं कसं? माझ्या दारात नवीच की! का चाल फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांना?"

सगळं गाव बघत होतं. नाही म्हणणार कसं? दगडूअण्णा आणि आणखी दोघं म्हातारे गाडी ढकलत, धापा टाकत टेकडीवर निघाले. विश्वास बराच जड निघाला!

वर हार घातला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं. फेटा बांधून दादासाहेब बसले. वहिनीसाहेब नऊवारी सावरून मागं बसल्या. समोर सरळ उतार. खाली रस्ता वळतो, आणि जो वळत नाही त्याच्यासाठी तिथं विहीर आहे.

"चला की अहो!"

दादासाहेब हलेनात. मान वळवून कुजबुजले, "उतर."

"का?"

"पुढचा ब्रेक लागत नाही."

"एक!" केशर ओरडली.

"मागचा आहे ना?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

"तो... दाबला की नुसता किंचाळतो."

"दोन!"

"मग हळू घ्या."

"हळू कशी घेऊ? टायर गुळगुळीत झालेत. खडीवर टिकायचे नाहीत!"

"तीन!"

"कडेकडेनं न्या."

"कडेलाच जाते गं ती! हँडल आपोआप विहिरीकडं ओढतं!"

"चार!"

"आणि चेन?" वहिनीसाहेबांचा आवाज आता बदलला होता.

"उतारावर निसटते," दादासाहेब पुटपुटले.

"पाच!"

वहिनीसाहेब खाली उतरल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मला बसवताना बरं सगळं आठवलं! त्या मास्तरांना बसवताना काय झालं होतं?"

दगडूअण्णा म्हसोबाकडं बघत होते. जणू आत्ताच ओळख झाली!

दादासाहेबांनी शेवटची उसळी मारली. "या खोटा मी सांगितल्या, हिनं नाही!"

"हात न लावता शोधायच्या होत्या," केशर म्हणाली. "कुणाच्या तोंडून, ते तुम्ही ठरवलं नव्हतं. बघा, चाकाखालचं लिंबू अजून अख्खं आहे, गाडी हललीसुद्धा नाही!"

"असं? मग अजून एक राहिलीय! सहावी! ती सांग, दिवस बुडतोय!"

केशरनं गाडीकडं पाहिलंच नाही. तिनं दादासाहेबांकडं पाहिलं.

"सहावी सगळ्यात मोठी. बाकीच्या पाच तिच्यामुळंच राहिल्या. ती पान्यानं निघत नाही आणि तिचा सुटा भागही मिळत नाही. पण गाडीच्या कागदावरचं मालकाचं नाव बदललं, की आपोआप जाते!"

वहिनीसाहेबांना पहिलं हसू फुटलं. त्यांच्या मागून गाव, आणि शेवटी खुद्द दादासाहेब! इतके हसले, की फेटा सुटून हँडलला गुंडाळला गेला.

"हरलो! अगं, मी हॉर्न वाजत नाही म्हणणार होतो!"

"तोही बसवून द्या," केशर म्हणाली.

गाडी खाली दादासाहेबांनीच ढकलत नेली, कारण तिच्यावर बसायची कुणाची छाती होत नव्हती. पंधरा दिवसांत नवे ब्रेक, नवे टायर, नवी चेन, सरळ हँडल आणि कर्कश हॉर्न. मास्तरांचे पैसे आणि दवाखान्याचा खर्चही वहिनीसाहेबांनी दादासाहेबांकडून वसूल करून पोचवला.

मग पहिली फेरी निघाली. पुढं हँडल धरून केशर, मागं वहिनीसाहेब. विहिरीच्या चार हात अलीकडं दादासाहेब श्वास रोखून उभे होते. केशरनं ब्रेक दाबला. गाडी खिळल्यासारखी उभी राहिली.

वहिनीसाहेबांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "आणखी एकदा वर घे गं! आणि अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा. हिचा हॉर्न ऐकू आला नाही का?"