ठकूबाईचा कोतवाल

एकदा काय झालं, एका कोंबड्यानं आपल्याच मालकिणीला दारात अडवलं. ऐका नीट, आणि पांघरुणात लाथा मारायच्या नाहीत.

डोंगराखालच्या गावात ठकूबाई राहायची. तिच्या परसात कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा, नाव कोतवाल. शेजारी गजरा राहायची, गरीब, लेकुरवाळी. ती कधी विरजण मागायला यायची, कधी चुलीसाठी विस्तव. ठकूबाईच्या ते जिवावर यायचं. पण तोंडावर नाही म्हणून वाईट कोण होणार? मग गजरा कवाडाशी आली की ठकूबाई हळूच म्हणायची, "छू." कोतवाल झेपावायचा, गजराच्या पोटऱ्या फोडायचा. मग ठकूबाईच वर म्हणायची, "फार द्वाड झालाय गं मेला." गजरा गेली की त्याला मूठभर ज्वारी.

त्या ज्वारीनं नवल झालं, बरं का. कोतवाल वाढायला लागला. गजरा लंगडत गेली, तो बोकडाएवढा झाला. मग एक बैरागी पाणी मागायला आला, त्यालाही पळवलं. तो वासराएवढा झाला. मग गजराची धाकटी पोर वाटीभर पेज मागायला आली. कोतवालानं तिचा गाल ओरबाडला. पोर रडलीसुद्धा नाही, सांडलेली वाटी उचलून निघून गेली. ठकूबाईला त्या दिवशी घास गिळवेना. तरी ज्वारी टाकायची ती टाकलीच तिनं. कोतवाल रेड्याएवढा झाला.

मग एका सकाळी ठकूबाईची चूल विझलेली. राखेत निखारा नाही, आणि आत लेक हौसा बाळंतपणाच्या कळा देतेय. पाणी तापवायचं कशावर? गजराकडे जायला तोंड नव्हतं, म्हणून ठकूबाई पार वेशीपर्यंत गेली आणि खापरात विस्तव मागून आणला. बघते तर कोतवाल दारात आडवा. मागणारा आला की अंगावर जायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. त्यानं खापर उडवलं, निखारे मातीत विझले.

ठकूबाईनं त्याला ज्वारी टाकली. तो हलेना. मग दटावलं. हलेना. मग ती पुटपुटली, "चुकलं बाबा माझं." तरी हलेना. आतून हौसा कण्हत होती.

ते ऐकून गजरा धावत आली, हातात पेटती गोवरी घेऊन. ठकूबाईला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "फार द्वाड झालाय" हे ओठांवर आलंच होतं, बरं का. तिनं ते गिळलं.

"गजरा, मीच शिकवलंय त्याला," ती म्हणाली. "तू आलीस की मीच छू म्हणायचे. तुझ्या पोरीच्या वेळीसुद्धा मीच."

तसा कोतवाल आक्रसत आक्रसत साधा कोंबडा झाला आणि खुराड्यात पळाला.

"ठावं हुतं मला, आक्का," गजरा म्हणाली. "तुमचं छू कवाडापातुर ऐकू यायचं."

"मग येत का राहिलीस गं?"

"चूल थंड हुती म्हणून."

एवढं बोलून गजरा आत गेली. चूल पेटली, पाणी तापलं, हौसाला गोरीगोमटी मुलगी झाली.

मग सगळी सुखानं नांदली. ठकूबाई रोज सकाळी विस्तव घेऊन गजराकडे जायची. पण "या, आक्का" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही, मान खाली घालून बाहेरच उभी राहायची. गजरा रोज म्हणायची, "या."

मिटा आता डोळे, मी दिवा बारीक करते.