डॉक्टरांची टोपी

शेळ्या घोड्यांना चारचौघांत दटावू शकत, त्या काळातली ही गोष्ट. शर्यतीच्या एका तबेल्यात झुळूक नावाची तरणी घोडी होती. ती एकटी बिथरू नये म्हणून तिच्यासोबत बकुळा ही शेळी ठेवली होती.

शर्यतीच्या सकाळी झुळूक गार पाण्याच्या टबात पुढचा पाय बुडवून उभी दिसली, तशी बकुळा दचकली.

"अगं बाई, काय झालं?"

"हळू बोल! सरावात पाय दुखावलाय, गरम लागतोय. डॉक्टरांना कळलं तर पळू देणार नाहीत."

"आणि त्या दगडासारख्या मैदानावर भरवेगात हाड मोडलं तर? तसे घोडे परत येत नाहीत गं!"

"तू तर पान हललं तरी घाबरतेस. शपथ घे, बोलणार नाहीस."

बकुळाने शपथ घेतली.

झुळकीने पाय टबातून काढला, तोच शर्यतीआधीच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तो चाचपला. गार लागला, म्हणून ते "ठीक आहे" म्हणून निघाले. तेवढ्यात बकुळाने त्यांची टोपी पळवली! तबेलाभर पळापळ झाली. डॉक्टर पार दमल्यावर तिने टोपी झुळकीच्या पायाशी टाकली. उचलताना त्यांचा हात पायाला लागला. तोवर गार पाण्याचा गारवा ओसरून पाय चांगलाच तापला होता.

"हिला आज पळवायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"शपथ मोडलीस!" झुळूक फुरफुरली.

"बोलले कुठे? तोंडात टोपी होती."

दुपारी मैदानावरचा जल्लोष ऐकून झुळकीने रागाने पाय आपटला आणि वेदनेने कळवळली. मग तिने आपल्या पुढ्यातलं गवत गुपचूप बकुळाकडे सरकवलं.