धामणखिंडीचा वाटाड्या

गाडी इथेच ठेवा. पुढे चाक जातं, पण तुमच्यापुढे मी पायी चालणार, तेव्हा तुम्हालाही पायीच यावं लागेल. आधी हे मोहाचं झाड बघून घ्या. चैत्र चालू आहे. डोंगरातल्या बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात, एकेका झाडावरून भांडणं होतात. इथे मात्र फुलांचा सडा पडून कुजतोय. आमच्या पाड्यातली कुणी बाई या फुलांना हात लावत नाही.

कंपनी सरकारचा अंमल नुकताच बसला होता, तेव्हाची गोष्ट सांगतात. आमच्या पाड्यातला बोंदर नावाचा भिल्ल गोऱ्यांच्या रिसाल्यात वाटाड्या होता. अंगात लाल कोट, पायात बूट, बसायला घोडा. इथे पाहुणे हमखास तोंड वाकडं करतात, म्हणजे गोऱ्यांना फितूर झाला की! अहो, वरच्या डोंगरातले लोक त्याचे होते कधी? त्यांनी त्याची गुरं नेली, थोरल्या भावाला मारलं. तुम्हाला डोंगरातली सगळी माणसं एकच वाटतात. रिसाल्यालाही तसंच वाटायचं, फक्त ते बोंदरच्या ध्यानात उशिरा आलं.

म्हणे, त्याने वरच्यांच्या एका पाड्याची चोरवाट रिसाल्याला दाखवली. पाडा जळाला, त्याचा सूड पुरा झाला. पण पुढच्या हिवाळ्यात रिसाला त्याच वाटेने पुन्हा गेला, त्याला न विचारता, आणि उरल्यासुरल्या धान्याच्या कणग्याही जाळून आला. घोड्यांना एकदा वाट कळली की वाटाड्या लागत नाही, हे तेव्हा त्याला कळलं.

मग एका चैत्रात रिसाला या झाडापाशी आला. दिवस उगवत होता. बोंदर घोड्यावरून उतरून फुलांकडे बघत राहिला. आदल्या दिवसाची फुलं सुकलेली, त्यांच्यावर ताजी पडलेली. हे झाड तेव्हा वरच्यांच्या बायका वेचायच्या, आणि वेचायला कुणी आलंच नव्हतं. म्हणजे वरच्यांनी बायकापोरं हलवली होती आणि पुरुष पुढच्या धामणखिंडीत दबा धरून बसले होते. त्याने ते रिसाल्याच्या गोऱ्या कप्तानाला सांगितलं. कप्तान भला माणूस होता म्हणतात, तापाने फणफणलेल्या बोंदरला त्याने आपल्या तंबूत निजवलं होतं. त्याने शब्दावर विश्वास ठेवला.

"माघारी फिरायचा हुकूम नाही," तो म्हणाला. "दुसरी वाट आहे?"

वाट होती. आमच्या पाड्याच्या मागून जाऊन खिंडीच्या पलीकडे निघायची. धाड आली की आमचे लोक गुरंपोरं घेऊन त्या वाटेने कपारीत लपायचे. बोंदरची बायको आणि लेकरं त्याच पाड्यात होती. वाट दाखवली असती तर रिसाला वाचला असता, भावाला मारणारे आयते सापडले असते. आणि पुढेमागे तेच घोडे त्याच वाटेने त्याच्या लेकरांवर आले असते.

"दुसरी वाट नाही, साहेब," बोंदर म्हणाला.

कप्तानाने पुन्हा विचारलं नाही. बोंदर म्हणतो तर नसेल, एवढंच स्वारांना सांगितलं. मला त्या कप्तानाचं फार वाईट वाटतं.

बोंदरने कोट आणि बूट काढून खोगिरावर ठेवले आणि नुसत्या लंगोटीवर उभा राहिला. परक्याच्या कपड्यांत मेलं तर आपले पूर्वज ओळखायचे नाहीत, ही त्याला भीती.

"कोट का काढलास?" कप्तानाने विचारलं.

"उकडतंय, साहेब."

पहाटेच्या गारव्यात स्वार कुडकुडत होते. बोंदर लगाम धरून सगळ्यांच्या पुढे पायी चालू लागला. जंगल त्याचंच होतं, पळता आलं असतं. पण ज्यांच्याशी तोंडावर खोटं बोललो त्यांना एकटं कसं सोडायचं, असं त्याला वाटलं असणार.

पहिला बाण त्यालाच लागला. खिंडीतून एकही स्वार बाहेर आला नाही. बिथरलेले घोडे तेवढे या झाडाखाली परतले, आणि फुलं रक्ताने भिजली.

पुढे मोठी पलटण आली. पाड्यातल्या एकेकाला उन्हात उभं करून विचारलं, दुसरी वाट होती का? बोंदरच्या बायकोलाही विचारलं. सगळे नाही म्हणाले.

आजही आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला ती वाट दाखवतात, आणि बोलायला लागलं की ती नाही म्हणायला शिकवतात, असं लोक सांगतात. या ताई मघाशी विचारत होत्या, परतताना दुसऱ्या वाटेने येता येईल का म्हणून.

नाही हो ताई, दुसरी वाट नाही. चला, माझ्या मागून या.