झाडाला बहीण नसते

एकदा एका डोंगरी पाड्यात वेस्ता नावाचा एक तरणाबांड गडी वृद्ध पुजाऱ्याकडे मध काढण्याची विद्या शिकत होता. त्या पाड्याची रीत अशी, की देवाच्या पूजेसाठी उंच कड्यावरून दोरानं उतरून जो आग्यामोहोळाचा मध आणील, तोच पुरुषांच्या पंगतीत बसेल. वेस्ताचं लग्न होऊन वर्ष उलटलं, तरी पंगतीत त्याला जागा नव्हती. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

विद्येत तो कुठं कमी नव्हता. दोर वळावा त्यानं, धूर करावा त्यानं. छाती मात्र जरा जास्तच फुगली होती, आणि घरी बायकोवर, रायलीवर, त्याचा हात उठू लागला होता. साऱ्या पाड्याला हे ठाऊक होतं. कुडाच्या भिंतींतून काय लपणार?

उतरणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानं धरायचा, ही जुनी चाल. पण मेहुणा खात्र्या वेस्ताशी बोलेनासा झाला होता. म्हणून पूजेच्या दिवशी वेस्तानं युक्ती काढली. दोराचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं काठावरच्या अंजनाच्या खोडाला.

पुजारी शांतपणे पुढे झाला. त्यानं खोडाचा दोर सोडला आणि खात्र्यापुढे ठेवला.

"आजा, माणसापेक्षा झाड पक्कं आहे," वेस्ता म्हणाला.

"आहे खरं," पुजारी म्हणाला, आणि बाजूला झाला.

खात्र्यानं दोराला हात लावला नाही. चालीप्रमाणे तो आधी बहिणीकडे वळला.

"रायली, धरू?"

रायलीनं वेस्ताच्या कमरेच्या दोराकडे पाहिलं. मग स्पष्ट म्हणाली, "आज नको."

त्या वर्षीचा मध दुसऱ्या कुणीतरी काढला. वेस्ता संतापानं पुजाऱ्याला म्हणाला, "माझं काय चुकलं? मी कड्याला भ्यालो नव्हतो."

"कड्याला माकडंही भीत नाहीत," पुजारी म्हणाला. "झाड कुणाचाही दोर धरतं, कारण झाडाला बहीण नसते. माणूस मात्र तिला विचारतो. तुला वाटलं, परीक्षा आज इथं आहे. बाबा, ती वर्षभर तुझ्या चुलीपाशी चालली होती."

वेस्ताला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. त्यानंतर त्याचा हात उठला नाही. रायलीनं लगेच त्याच्यावर भरवसा ठेवला नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

पुढच्या पूजेला खात्र्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. या खेपेला वेस्ताला भीती वाटत होती ती उत्तराची. रायली पुढे आली. त्याच्या कमरेची गाठ तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिली, जरा सैल वाटली म्हणून पुन्हा आवळली.

मग भावाला म्हणाली, "धर."