मैनेचं तोंड कुणीकडे

गाड्या अजून माणसांच्या हाती आल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. अस्वलशेठचा गुळाचा व्यापार होता आणि चांद्या बैल त्याची गाडी ओढायचा. आम्हा व्यापाऱ्यांची संशयाची खोड जुनीच! शेठनं चांद्याच्या शिंगावर मैना बसवली, तोंड बैलाकडे करून.

संध्याकाळी मैना म्हणाली, "शेठ, गाडीत गूळ आणि याचं तोंड दिवसभर चालू!"

"पुन्हा तोंड हललं तर दुसरा बैल बघेन," शेठ गरजला.

धसक्यानं चांद्यानं रवंथच सोडलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगून तो घाटात बसला. शेठ धावत आला. पाहतो तर गुळाची एकही ढेप फुटलेली नाही.

"अरे, मग चघळत काय होतास?"

"सकाळचा कडबा, शेठ. आम्ही खाल्लेलं पुन्हा चघळतो. विचारायचं तरी होतंत!"

शेठ ओशाळला. मध गिळून झोपणाऱ्याला रवंथ काय ठाऊक! त्यानं मैनेला उचलून रस्त्याकडे तोंड करून बसवलं.

चांद्या बरा होऊन पुन्हा गाडीला लागला. त्याच घाटात मैना ओरडली, "थांब रे, पुढे दरड कोसळलीय!"

चांद्या थांबला आणि निवांत रवंथ करू लागला. मैनेनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.