राजाच्या भिंतीला भोकं नकोत!

राजा रणधवलाच्या नव्या महालामागची भिंत पडली! महाल डोंगराला खेटून बांधलेला. डोंगराची माती अंगणात येऊ नये म्हणून ही जाडजूड दगडी भिंत. पहिल्या पावसाळ्यात तिला पोट आलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती सरळ पागेवर आडवी झाली. घोडे चरायला गेले होते म्हणून वाचले.

दरबारातल्या विद्वानांचं आधी लक्ष नव्हतं असं नाही. भिंत फुगली तेव्हा प्रधान भास्करपंत म्हणाले होते, "महाराज, भिंत आपल्याला मुजरा करायला वाकली!" दिवाणखान्याची फरशी काळ्या मातीवर घातलेली. पावसात माती फुगली, फरशी उचलली गेली, तेव्हा म्हणाले, "धरणीमाता आपले पाय धरायला वर आली!" दोन्ही वेळा राजानं त्यांना शालजोडी दिली.

हैबती गवंड्याला शालजोडी मिळायची चिन्हं नव्हती. तो खरं बोलायचा.

"महाराज, फरशीखालची काळी माती उपसून मुरूम भरा, धुमसानं ठोकून घट्ट करून घ्या. आणि भिंतीत भोकं ठेवा. डोंगरात मुरलेलं पाणी मागून रेटतंय, त्याला बाहेर पडू द्या."

"भोकं? राजाच्या भिंतीला?" राजा कडाडला. "पाहुणे म्हणतील, याच्या महालात घुशी झाल्यात! भिंत पुन्हा बांध. एक भोक नको, आणि ती पडताही कामा नये!"

"अशी भिंत मला नाही बांधता यायची, महाराज."

"मग येईल तोवर कोठडीत बस!"

"वाहवा, काय हा न्याय!" भास्करपंतांनी आनंदानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी हैबतीची बायको धुरपा दरबारात आली. बाजारात ताक विकणारी बाई; डोक्यावर ताकाचा भला मोठा माठ.

"महाराज, बिनभोकाची भिंत बांधून देते. पण मुहूर्त तुमच्या हातून व्हायला हवा. हे ताक प्यायचं आणि मी 'झालं' म्हणेपर्यंत आसन सोडायचं नाही. सोडलंत, तर नवरा माझा आणि भिंत त्याच्या मनासारखी."

"एवढंच? बाई, राजा एकदा बसला की बसला!"

राजा एक लोटा प्यायला. ताक झकास होतं, आलं-मीठ लावलेलं. दुसरा प्यायला, तिसरा प्यायला. धुरपा ओततच होती. दरबार वाहवा करत होता.

दुपार झाली. राजानं मांडी बदलली.

"महाराज विचारमग्न आहेत!" भास्करपंत म्हणाले.

थोड्या वेळानं राजानं डोळे घट्ट मिटले.

"महाराजांची समाधी लागली!"

मग राजाच्या कपाळावर घाम आला आणि तो आसनावर डुलू लागला. भास्करपंत तोंड उघडणार, तोच राजा ओरडला, "एक शब्द बोललात तर जीभ छाटीन!" आणि धुरपाकडे वळून म्हणाला, "झालं का?"

"अजून नाही, महाराज. आणखी एक लोटा घ्या."

"लोटा नको! मला जाऊ दे!"

"कुठं?"

"बाहेर! बाई, पोट फुटेल आता! वाट सोड!"

धुरपा उभी राहिली. "महाराज, तुम्ही सकाळपासून चार लोटे प्यायलात तर वाट मागता. तो डोंगर चार महिने पितो! त्याचं पाणीही भिंतीमागून हेच ओरडतं. त्यानं जायचं कुठून? वाट नाही दिली, तर ते भिंत फोडूनच जाणार!"

आसन, मुकुट, शेला, सगळं मागं टाकून राजा धावत सुटला!

बऱ्याच वेळानं तो परत आला. चेहरा निवळलेला. दाराशी थांबून तो धुरपाकडे बघत राहिला आणि एकाएकी खो खो हसत सुटला. भिंतीला टेकला, तरी हसू थांबेना.

"सोडा त्या गवंड्याला! पाहिजे तितकी भोकं ठेवू दे. फरशीही त्याच्याच मनासारखी होऊ दे. आजपासून राज्यातली सगळी बांधकामं त्याच्या हाताखाली. आणि भास्करपंत, तुम्ही माती उपसायला जा!"

मग त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून धुरपाला दिलं. तिनं ते तिथंच मनगटात चढवलं, माठ कोठडीतून सुटून आलेल्या हैबतीच्या हातात दिला आणि म्हणाली,

"चला आता. म्हशीची धार काढायची आहे!"