आईनं न कोरलेला उजेड

कर्र... कर्र... कर्र...

तांब्याच्या पत्र्यावर सुई चालायची आणि तो आवाज ऐकत चिमुकली शेवंती आईला टेकून झोपी जायची. आईने त्या सुईने एक उंच उंच डोंगर कोरला, पत्र्याला काळी शाई चोळली आणि कागदावर त्याचा ठसा उमटवला. शाई वाळली, आणि थोड्याच दिवसांत आजारी आई देवाघरी गेली.

आता घरात बापलेक दोघंच. बाबा लोकांच्या बागेत माळीकाम करायचे. घरी आले की चित्राकडे पाठ करून भाकरी खायचे.

"केवढा काळोख होता गं तिच्या मनात!" एकदा ते म्हणाले. "मला नाही बघवत. आज चुलीत घालतो."

शेवंती चित्र छातीशी धरून बागेत पळाली. जाईच्या वेलीखाली बसून हमसून हमसून रडू लागली. एक टिपूस चित्रातल्या पांढऱ्या धबधब्यावर पडला, आणि काय नवल! त्यातून पिटुकली परी बाहेर आली. पंख मोरपिशी, मुकुट दवबिंदूंचा.

"अगंबाई, चिंब भिजलीस की!" शेवंती रडता रडता हसली.

"तुझ्याच आसवांनी, राणी. माग काय हवं ते. पण एकच. आणि गेलेलं माणूस परत मागायचं नाही."

शेवंतीला तेच तर मागायचं होतं.

"मग चित्रात रंग भरू? सोनेरी ऊन, गुलाबी ढग, पोपटी कुरणं! बाबा जाळणार नाहीत. फक्त, रंग आले की आईच्या रेघा पुसल्या जातील हं."

शेवंती डोंगराकडे बघत राहिली.

"नको. यात उजेड आहे. आईनं जिथं सुई लावलीच नाही, तिथं आहे. तो बाबांना दिसू दे."

"आणि तुला काही नको?"

"नको."

"बरं. मग तुझं मी ठरवते," परी म्हणाली. तिने पंख झटकले, लख्ख उजेड पडला आणि त्यात ती विरून गेली.

बाबा शोधत आले. चित्र उचलायला वाकले, ते वाकलेलेच राहिले. काळे ढग, काळा कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी तांदळाएवढं घर. दार उघडं, पांढरंशुभ्र. उंबरठ्यावर दोन ठिपके, एक मोठा, एक छोटा.

"हे... आपण?"

"मी रोज बघते, बाबा. आईनं आपल्याला उजेडात बसवलंय."

बाबांनी तिला कुशीत ओढलं. त्यांचे डोळे वाहत होते.

तेवढ्यात त्या इवल्याशा दारातून तिळाएवढी बाई बाहेर आली. तिने वळून दोघांकडे डोळे भरून पाहिलं, पदर सावरला, आणि डोंगराची वाट चढत निघून गेली.